खिडकीपर्यंतची वाट

म्हातारा खोकला. खोकून झाल्यावर त्याने मान वर केली आणि समोर बसलेल्या तोरुनकडे बघितलं. आधी नुसतं बघितलं, मग ओळखून बघितलं. या दोन बघण्यांतला फरक तिला आता पाठ झाला होता. दुसऱ्या बघण्यात भुवया किंचित वर जातात आणि नजर लगेच खिडकीकडे पळते, कारण ट्रॉनहाइममध्ये कुणाला ओळखलं तरी ओळखल्याचं दाखवायचं नसतं. पण म्हाताऱ्याने नजर पळवली नाही. त्याने मफलर नाकावर ओढला, दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि आतूनच म्हणाला, "माफ कर हं, माझं लक्षच नव्हतं." तोरुन काही बोलायच्या आत तो उठला, खांबांना कोपराने आधार घेत दारापर्यंत गेला, बटणही त्याने कोपरानेच दाबलं. पुढचा थांबा म्हणजे एक दिवा आणि एक छप्पर. आजूबाजूला घरं नव्हती, नुसता चढ आणि बर्फ. म्हातारा उतरला. दार मिटता मिटता वळून म्हणाला, "गुरुवारी आम्ही सगळे बघतोय." ट्राम हलली. तोरुनने मागे वळून पाहिलं. तो छपराखाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, खोकत होता. तो त्याचा थांबा नव्हता हे उघड होतं. पलीकडच्या बाकावरच्या बाईने हात उंच करून वरची झडप उघडली. डब्यात बर्फाळ हवा शिरली. माणसांनी कॉलर वर केल्या, एकीने बाबागाडीतल्या मुलावर पांघरूण ओढलं. कुणी कुरकुरलं नाही.

तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. तो ती थांबवू शकत नसे. खोकल्यातले मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. बारीक थेंब वाटेतच वाळतात, हलके होतात आणि बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. हीटर तिच्या पायाशी होता, म्हणजे तिच्या बाजूची हवा वर चढत होती. मास्क होता. मास्क ती डिसेंबरपासून घालत होती, आणि तरी लोक ओळखत, कारण दर शनिवार-रविवारी टीव्हीवरच्या स्की-शर्यतींत हा देश तिला टोपी आणि गळपट्टी यांच्या मधल्या चार बोटांच्या पट्टीवरूनच ओळखत आला होता. लागण होण्याची शक्यता कमी होती. हिशेब ठीक होता. पण एक गोष्ट हिशेबात बसत नव्हती. एक आजारी माणूस तिच्यासाठी उणे अकरा अंशांत उतरला होता आणि तिने 'उतरू नका' म्हटलं नव्हतं. म्हणायला वेळ होता. दार चांगलं उघडं होतं. त्या वेळात तिच्या मनात जे आलं ते एवढंच, की बरं झालं.

आणि ती निघाली होती पप्पांना भेटायला. म्हणजे भेटायला की बघायला, हे तिला घरातून निघताना ठरवता आलं नव्हतं. पप्पा दोन वर्षं डोंगरावरच्या एका शुश्रूषागृहात होते. त्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. आतलं नाजूक जाळं हळूहळू जखमेच्या वणासारखं होत जातं, ताणलं तरी ताणलं जात नाही. त्यात गेल्या आठवड्यात त्यांच्या विभागात इन्फ्लुएंझा शिरला. सकाळी भावाचा, हाल्वारचा, निरोप आला होता: डॉक्टर म्हणतात आज किंवा उद्या. खाली आणखी एक ओळ होती: तू येऊ नकोस, आम्ही समजतो. उद्या सकाळी संघाचं विमान होतं. गुरुवारी जागतिक स्पर्धेतली स्कीची रिले, दुसरा टप्पा तिचा. संघाचा नियम साधा होता आणि तो कुणी कुणावर लादलेला नव्हता: शर्यतीआधीच्या दिवसांत जो आजारी माणसाच्या खोलीत जाईल तो घरी राहील, कारण एकाला झालं की सगळ्यांना होतं. संघाच्या डॉक्टरला, बेंटेला, तिने फोन करून विचारलं होतं. बेंटेने खूप वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली की हे फार अवघड आहे, ती सोबत आहे, आणि हा पूर्णपणे तोरुनचा निर्णय आहे. प्रशिक्षक स्टाइनारही तेच म्हणाला, जवळजवळ त्याच शब्दांत. घरचं कुणी ये म्हणत नव्हतं आणि संघातलं कुणी जा म्हणत नव्हतं. सगळे तिच्यापासून दोन मीटरवर उभे राहून तिला समजून घेत होते.

तुझी प्रेरणा काय, असं पत्रकार विचारतात. क्रीडाशाळेत असताना एक मानसशास्त्रज्ञ बाई यायच्या. त्या फळ्यावर दोन वर्तुळं काढत. एक आतल्या प्रेरणेचं, एक बाहेरच्या. आतली म्हणजे आनंद, कुतूहल, कौशल्य. बाहेरची म्हणजे पदकं, पैसा, कौतुक. मुलांनी आपापली खूण योग्य त्या वर्तुळात करायची. तोरुनने आतल्या वर्तुळात केली होती, सगळ्यांनीच केली होती, कारण कुठलं वर्तुळ चांगलं हे बाईंच्या आवाजावरून कळत होतं. पुढे मुलाखतींत ती हेच सांगत आली: मला बर्फावर असणं आवडतं, बाकी सगळं आपोआप येतं. हे खोटं नव्हतं. पहाटेचा कोरडा बर्फ स्कीखाली चुरचुरतो तेव्हा तिला खरंच बरं वाटे. पण बरं वाटण्यासाठी कुणी घशात रक्ताची चव येईपर्यंत चढ चढत नाही. तिची मोजमापं देशातल्या उत्तम मोजमापांत होती. तिचं हृदय, तिचं रक्त, तिच्या मांड्यांमधल्या पेशी यांच्याबद्दल विद्यापीठातल्या लोकांना तिच्यापेक्षा जास्त माहिती होती. ट्रेडमिलवर तोंडाला नळी लावून ती कोसळेपर्यंत धावायची आणि ते पडद्यावरची प्राणवायूची रेघ बघायचे. रेघ वाकायची आणि सपाट व्हायची. त्या सपाट रेघेच्या पुढेही ती थोडा वेळ धावत राहते, हे त्यांनी तिला एकदा कौतुकाने दाखवलं होतं. इथे शरीराकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी तू चालू राहतेस, ते कशावर, हे आम्हाला अजून माहीत नाही, असं एक तरुण संशोधक म्हणाला होता. तिला माहीत होतं. निदान आज, या ट्राममध्ये, झडपेतून येणाऱ्या हवेत बसल्यावर माहीत झालं होतं.

गुड्रुन आत्या वारली तेव्हा तोरुन तेरा वर्षांची होती. आत्याचं घर शेजारीच होतं. शाळेतून आल्यावर तोरुन आधी तिच्याकडे जायची, कारण आई तेव्हाच घर सोडून स्पेनला गेली होती आणि पप्पा दुधाचा टँकर घेऊन दरी-दरीतून फिरत असत. अंत्यविधीच्या सकाळी ती काळा ड्रेस घालून जिन्यात उभी होती. दोन दिवसांनी ज्युनियर गटाची शर्यत होती. पप्पा टाय बांधत तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, चर्च गच्च भरणार, अर्धं गाव खोकतंय, तू घरीच थांब. गुड्रुनला कळेल. हाल्वारने वर बघितलं. तो सोळा वर्षांचा होता, त्याला शवपेटी उचलायची होती. ते गेल्यावर तोरुनने ड्रेस काढला, स्की घेतल्या आणि मागच्या रानात गेली. खाली घंटा वाजायला लागली. ती घंटेच्या आवाजात चढ चढत होती आणि तिला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. त्याऐवजी अंगात एक हलकेपणा भरत गेला. शाळेला सुट्टी मिळाल्यावर येतो तसा, पण त्याहून कितीतरी मोठा. सगळं गाव खाली त्या दारातून आत जात होतं, सगळ्यांना जावंच लागत होतं, आणि तिला नव्हतं. रविवारी ती जिंकली. चर्चमध्ये नव्हतीस ते बरं केलंस, असं आत्याच्या नवऱ्याने हात हातात घेऊन सांगितलं, आणि मग हात घेतल्याबद्दल माफी मागितली.

त्यानंतर ते वाढत गेलं. क्लबसाठी सगळ्यांनी मिळून करायची कामं असतात, त्यांना दुग्नाद म्हणतात. वसंतात मैदान झाडायचं, केक भाजायचे, दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकायचे. तिच्या वाटणीचे गठ्ठे पप्पा टँकरमधून विकत. दूध घ्यायला गेले की गोठ्याच्या दारात एक गठ्ठा ठेवत. पोरगी जिंकेपर्यंत आम्हाला पुसत बसावं लागणार का रे आर्नफिन, असं शेतकरी त्यांना म्हणत, आणि घेत. ती पहिल्यांदा संघात आली तेव्हा गावातल्या प्रत्येक संडासात तिच्या नावाची रास होती, हा हाल्वारचा लग्नातल्या भाषणातला विनोद. त्या लग्नाला ती नव्हती. भाषण तिने फोनवर पाहिलं. लोक हसत होते तिथे हाल्वार थांबला होता, कॅमेऱ्याकडे बघून त्याने ग्लास उंचावला होता, आणि सगळं दालन तिच्याकडे वळून उभं राहिलं होतं. जी तिथे नव्हती तिच्यासाठी. तिला तेव्हा भरून आलं होतं. आता वाटत होतं, प्रत्येक गावाला असं एक माणूस लागत असावं, ज्याला काहीच करावं लागत नाही. बाकीचे आई-वडिलांना उचलतात, भांडी घासतात, कुणाच्या तरी तोंडाशी चमचा धरतात, आणि त्याला काही नाव नसतं. मग ते एकाला मोकळं सोडतात, डोंगरावर पाठवतात, आणि रविवारी बघतात. तो धावतो तेव्हा त्यांच्या सगळ्या न-धावण्याला अर्थ येतो. आणि तो का धावतो? परत यावं लागू नये म्हणून.

एकदाच कुणीतरी तिच्या बाजूला येऊन बसलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात. हाल्वारच्या मुलीचं, टुवाचं, नाक वाहत होतं, म्हणून तोरुनसाठी बाहेर पडवीत टेबल मांडलं होतं. मेंढीचं कातडं, दोन घोंगड्या, एक मेणबत्ती. वहिनीने ताट दारात ठेवलं, दार लावून घेतलं आणि काचेतून हात हलवला. आत सगळे हातात हात धरून नाताळच्या झाडाभोवती फिरत गात होते, ते आवाजाशिवाय दिसत होतं. मग दार उघडलं आणि पप्पा बाहेर आले. अंगात जुना टँकरचा कोट, हातात ताट. त्यांना तेव्हाच धाप लागत होती. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं, वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि तिच्यावरून वाहून येणारा वारा आपल्यावर येईल अशा कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले. दोघं जेवले. स्कीबद्दल ते काही बोलले नाहीत. मांस जरा कोरडं झालंय म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, आत फार आवाज आहे म्हणाले. तिने त्यांना आत जा, थंडी वाजेल, असं म्हटलं नाही. तेव्हाही तिने म्हटलं नव्हतं.

शुश्रूषागृहाच्या काचेच्या दारावर सूचना लावलेली होती आणि आतल्या बाजूला सेलाम उभी होती. लहानपणी एरिट्रियातून आलेली ही परिचारिका बोलायला पक्की इथली. तोरुनची आणि तिची फोनवरची ओळख होती; येतेय हे तोरुनने तिला आधीच कळवलं होतं. सेलामने दार उघडलं आणि लगेच चार पावलं मागे गेली. "दारात थांबू नकोस," ती म्हणाली. "मागच्या बाजूने ये. त्यांचा पलंग आम्ही खिडकीला लावलाय. वाट करून ठेवलीय तुला, खडी पण टाकलीय, घसरायची नाहीस." तिच्या मागे बैठकीची खोली दिसत होती. टीव्हीसमोर खुर्च्यांच्या रांगा आतापासून लावलेल्या होत्या आणि भिंतीवर कागदी झेंड्यांची माळ होती. तोरुनने आभार मानले. ती इमारतीला वळसा घालून गेली. बाग कमरेएवढ्या बर्फात बुडाली होती आणि त्या बर्फातून कुणीतरी फावड्याने एक अरुंद, सरळ वाट कापली होती. कडा नीट तासलेल्या होत्या. एवढी नीट वाट कापायला माणसाला बराच वेळ लागला असणार, आणि ज्याने कापली त्याने तिला कधी समोरासमोर पाहिलेलंही नसणार. वाट एका खिडकीपाशी जाऊन संपत होती. तिथे उभं राहायला गोल जागा केली होती, एका माणसापुरती.

काच तीन पदरी होती. आतली काच उबदार राहत होती, म्हणून तिच्यावर वाफ धरली नव्हती आणि आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. पप्पा उताणे होते. तोंड उघडं, नाकाला नळी, गालांची हाडं वर आलेली. श्वास घेताना मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ होत. ते स्नायू तिला ओळखीचे होते. चढाच्या शेवटी तिचेही असेच वर येतात, छायाचित्रांत दिसतात, आणि लोक त्याला जिद्द म्हणतात. पप्पा नुसते पडून होते आणि त्यांचं शरीर चढाच्या शेवटी होतं, कालपासून. पलीकडे हाल्वार बसला होता. त्याने हात वर केला, फोन लावला. तिच्या खिशात फोन थरथरला. "बोल," तो म्हणाला, "कानाशी धरतो." त्याने फोन पप्पांच्या उशीवर ठेवला. आता तिला तो श्वास ऐकू येत होता, समोर दिसत होता त्याच्या किंचित मागून. पप्पा, ती म्हणाली, मी तोरुन. आत्तापर्यंत त्यांना फोन केला की ती बर्फाबद्दल सांगायची, तेच तिने सांगितलं: उणे अकरा आहे, बर्फ कोरडा आहे, आज वारा नाही. पप्पांनी डोळे उघडले. खिडकीकडे नाही, छताकडे. हाल्वार त्यांच्याकडे बघतही नव्हता, हातातल्या वर्तमानपत्रात काहीतरी वाचत होता, आणि वाचता वाचताच त्याचा दुसरा हात पुढे गेला, आपल्या स्वेटरच्या बाहीने त्याने पप्पांच्या हनुवटीवरून ओघळलेली लाळ पुसली आणि हात परत मांडीवर आला. स्वतःचीच हनुवटी पुसावी तसा. तोरुन त्या हाताकडे बघत राहिली. असं काही आपल्याला येत नाही हे तिला इतक्या लख्खपणे कधी दिसलं नव्हतं. ते शिकायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत ती डोंगरावर होती. आज किंवा उद्या ते शिकण्याची शेवटची संधी संपणार होती, आणि ती गुरुवारी दुसऱ्या टप्प्यावर उभी असणार होती, दंडाला काळी फीत, आणि निवेदक आवाज खाली आणून सांगणार होता की आज ती वडिलांसाठी धावतेय. सगळा देश तिला समजून घेणार होता.

ती वळली आणि कापलेल्या वाटेवरून परत पुढच्या दाराशी आली. दार ढकलून आत गेली. सेलाम औषधांच्या गाडीवर वाकलेली होती. तिने वर बघितलं आणि तिचा हात आपोआप थांब म्हणून वर आला, मग खाली गेला. चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी कॉरिडॉरमध्ये बसली होती, मांडीवर झेंड्यांची अर्धी माळ. तिने तोरुनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "अगं, तू इथे असायला नको होतीस ना?" ती म्हणाली. रागाने नाही, दुकानदाराने चुकीचं सामान दिल्यावर माणूस म्हणतं तसं. सेलामने कपाटातून पिवळा गाऊन काढून तिच्या हातात दिला.

हाल्वार खोलीच्या दारातच आडवा आला. त्याने दाराच्या चौकटीला हात लावला होता.

"बाहेर जा," तो हळू आवाजात म्हणाला. "अजून काही झालेलं नाही. मी कुणाला सांगणार नाही, सेलामही नाही सांगणार. जा."

"मला आत यायचंय."

"आता?" तो हसल्यासारखा श्वास सोडून म्हणाला. "दोन वर्षं मी यांना उठवतोय, बसवतोय, धुतोय. गुड्रुनआत्याला मी उचललं. का, असं वाटतं तुला? मला आवड आहे म्हणून? तू मोकळी राहावीस म्हणून. आणि आता शेवटच्या चार दिवसांत येऊन तू ते सगळं पाण्यात घालणार."

"मी तुला कधी सांगितलं नव्हतं मोकळी ठेव म्हणून."

"नाही. तुला कधी सांगावंच लागलं नाही."

खोलीतून तो श्वास येत होता. आता तो फोनमधून येत नव्हता, आणि त्याला वास होता. तोरुन म्हणाली की तू सकाळी नुसतं ये म्हणाला असतास तर. हाल्वारने मान हलवली. "म्हणजे गुरुवारी हरलो की गाव माझ्याकडे बघत बसायला मोकळं," तो म्हणाला. "दुकानात, शाळेत, पेट्रोल पंपावर. कुणी काही बोलणार नाही. नुसतं बघतील. तुला माहीत नाही ते कसं असतं. तुला कुणी तसं कधी बघितलेलंच नाही." त्याचे डोळे लाल होते, बरेच दिवस झोप नसलेल्या माणसाचे. त्यात राग होता, आणि रागापेक्षा जास्त भीती होती. अनेक वर्षं घाम गाळून बांधलेलं काहीतरी आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी लाथेने पाडणार, अशी. ते जे बांधलेलं होतं, ते आपण आहोत, हे तिला दिसलं. ते तिचं एकटीचं नव्हतं. ते पाडायचा हक्क तिला नव्हता, असं त्याला वाटत होतं, आणि तो कदाचित बरोबर होता.

तिने फोन काढला आणि तिथे उभ्या उभ्या बेंटेला लिहिलं: मी आत आहे. उत्तर लगेच आलं. बेंटे मनाने तिच्याजवळ होती, हा तिचा निर्णय होता आणि तो सगळे समजून घेतील. राखीव खेळाडू मारेनला दुसऱ्या टप्प्यासाठी कळवलं आहे. कळवते असं नाही, कळवलं आहे. मारेन सकाळपासूनच सामान भरून बसलेली असणार. तोरुनने तो मजकूर हाल्वारसमोर धरला. त्याने वाचला. चौकटीवरचा त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला, जणू त्या हाताला अजून कळवायचं बाकी होतं, आणि मग तो खाली आला. तो बाजूला झाला.

तिने मास्क काढला नाही, पण हातमोजे काढले. पलंगाच्या कठड्याशी उभी राहिली. इथून पप्पा खिडकीतून दिसले होते त्यापेक्षा लहान होते. त्यांच्या हाताला तिने हात लावला. बोटांची टोकं निळसर आणि थंड होती, तळवा गरम होता. तिला आपल्या आत काहीतरी होण्याची वाट बघायची सवय होती. शर्यतीआधी ती अशीच उभी राहून आत कान लावते. काही झालं नाही. फक्त खोली गरम होती आणि वास होता. बाहेर बर्फातली ती वाट दिसत होती, टोकाला एका माणसाची रिकामी गोल जागा. हाल्वार पलंगाच्या पलीकडे गेला. त्याचा आवाज वेगळा झाला होता. इतकी वर्षं तो तिच्याशी ज्या सांभाळलेल्या आवाजात बोलत आला होता, जो सगळेच वापरत, तो गेला होता.

"यांना कुशीवर वळवायचंय," तो म्हणाला. "पाठीला जखम व्हायला लागलीय. रोज सेलाम मदत करते. आलीच आहेस तर धर."

"कुठे धरू?"

"खांद्याच्या खाली हात घाल. दुसरा कमरेखाली. मी म्हटलं की."

तिने हात घातले. पाठीची हाडं तिच्या तळव्यांना लागली, चादर ओलसर होती. हाल्वारने मान हलवली आणि तिने उचललं, आणि तिच्या अंगात जे काही होतं, खांदे, पाठ, पोट, इतक्या वर्षांत सगळ्यांनी मिळून तिथे साठवलेलं, ते सगळं एकदम त्या हातांत आलं. पप्पा चादरीवरून वर आले, मान मागे लटकली, नळी ताणली गेली, आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. ती आल्यापासूनचा पहिला. दुखल्याचा.

"खाली ठेव," हाल्वार म्हणाला. "खाली, खाली. उचलायचं नाहीये. एवढा जोर लागत नाही त्यांना." त्याने उशी सरकवली, नळी नीट केली, अंगठ्याने पप्पांच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "परत."

तिने परत केलं. तेही चुकलं.